पऱ्हाटीत कॅमेरा कुठं ठेवायचा?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी सुरू होती आणि आमच्या गावात, राळेगाव तालुक्यातल्या एका वावरात, गाण्याचं शूटिंग लागलं होतं. पोट्टे तिघं. एकाकडे कॅमेरा आणि तो हलू न देणारा जिम्बल, दुसऱ्याकडे ब्लूटूथ स्पीकर, तिसरा गायकही तोच आणि हिरोही तोच. तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन ओळींमधून चालत यायचा, ओठ हलवायचा आणि स्पीकरवर त्याचंच गाणं किरट्या आवाजात दुप्पट वेगानं पळायचं. वेचणाऱ्या बायांपैकी एक मावशी कमरेला बांधलेला कापूस धुऱ्यावर रिकामा करत होत्या. त्या म्हणाल्या, "हे गानं एवढं पळून काहून राह्यलं बाप्पा? कुत्रं लागलं का त्याच्या मांगं?"

सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. मी दहा वर्षं लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करून पोट भरलं, म्हणून यातली गोम सांगू शकतो. हिरोची चाल संथ दिसायला हवी आणि ओठ मात्र गाण्याबरोबर हलायला हवेत, तर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गायकानं त्या वेगानं ओठ हलवायचे आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० स्थिर चित्रं, घेणार. मग मिक्सिंगला बसलं की त्या ५० फ्रेम २५ च्या चालीनं सोडायच्या. एका सेकंदाचे दोन होतात. केस हळू उडतात, धूळ हळू बसते, चाल राजासारखी होते आणि ओठ मूळ गाण्यावर बिनचूक बसतात. पडद्यावर जो निवांतपणा दिसतो, तो वावरात पळापळ करून मिळवलेला असतो.

खरी गंमत पुढं झाली. आपल्याकडे कापूस वेचणारी बाई साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालते. डोक्याला रुमाल. पिकून फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी असतात, हात ओरबाडून काढतात. त्यासाठी तो शर्ट. कॅमेरावाल्या पोट्ट्यानं अगदी आदरानं विचारलं, "मावशी, तेवढा वरचा शर्ट काढून ठेवान का? साडी दिसली पायजे. गावाकडचा लूक येते." त्याच्या पिशवीत दोन नथाही होत्या. दोघीजणींनी शर्ट काढून नथ लावली. मावशी म्हणाल्या, "मंग हात कोनाचे चिरतीन? तुहे?" आणि त्या फ्रेमच्या बाहेर, चार ओळी पलीकडं वेचायला निघून गेल्या. वेचणीची मजुरी किलोवर असते. तासभर नथ लावून उभं राहिलं की संध्याकाळी काट्यावर तेवढा कापूस कमी भरतो.

महिन्याभरानं व्हिडिओ आला. गाणं चांगलं आहे, हे आधी सांगून टाकतो. चाल जिभेवर राहते. मावशींच्या नातवानं तो त्यांना मोबाइलवर दाखवला. मध्ये एके ठिकाणी कापूस तोडणारा एक हात येतो आणि जातो. "हा माहा हात होय न?" त्या म्हणाल्या. नातवानं मागं घेतलं. पुन्हा हात आला, गेला. थांबवायला अंगठा टेकवेपर्यंत हिरो येऊन चष्मा लावत होता. चौथ्या खेपेला कसाबसा थांबला, तेव्हा स्क्रीनवर धूसर बोटं आणि शर्टाची बाही. कधीतरी लांबून टिपलेली. तो शर्ट शेवटी फ्रेममध्ये आलाच, पण अर्ध्या सेकंदापुरता.

अर्धा सेकंदच का, याचं गणित सोपं आहे. समजा गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं आणि चार मिनिटांचं आहे. म्हणजे एकूण ४०० ठोके. मिक्सिंगवाला आधी गाणं टाइमलाइनवर टाकतो आणि ऐकता ऐकता प्रत्येक ठोक्यावर 'एम' दाबून खूण करत जातो. मग त्या खुणांवर कट मारतो. दोन ठोक्यांना एक कट धरला तर २०० शॉट आणि प्रत्येकाला १.२ सेकंद. कडव्यानंतर ढोलकी तापली की प्रत्येक ठोक्यावर कट, म्हणजे शॉटला ०.६ सेकंद, पंधरा फ्रेम. ठोक्यावर कट पडला की बघणाऱ्याचं अंग आपोआप डोलतं; डोळा आणि कान एकाच वेळी टाळी देतात. लग्नाच्या व्हिडिओत मी हेच केलं. नवरदेवाच्या वरातीत संदल वाजत असताना कट ठोक्यावर बसवला की काका-मामा खूश. यात चूक काही नाही. पण वावरात उभं राहून बघा. वेचणारीचे दोन्ही हात एका पऱ्हाटीभोवती फिरतात, वरचं बोंड, आतलं बोंड, खाली लोंबलेलं, मूठ भरली की ओटीत, आणि मग पाय पुढं. सराईत बाईलाही यात दहा-बारा सेकंद जातात. हे काम गाण्याच्या ठोक्यात मावतच नाही. म्हणून मिक्सिंगवाला त्यातली पंधरा फ्रेमची एक फोड घेतो. ती फोड सुंदर दिसते, पण तिच्यात काम नसतं. बोंड आहे, बोट आहे, वेचणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडच्या गाण्यांच्या व्हिडिओत गाव भरपूर दिसतं, पण गावचं काम दिसत नाही. आणि दिसत नाही याला पोरांची हलगर्जी कारण नाही. शॉट आणि कट यांची जी रीत आपण बाहेरून उचलली, तिच्यातच कामाला जागा नाही.

ती रीत आली कुठून? १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि दिवसभर गाण्यांचेच व्हिडिओ दाखवणारं चॅनल ही गोष्ट रुळली. त्या व्हिडिओंचे पैसे रेकॉर्ड कंपन्या द्यायच्या, आणि कंपनीला गायकाचा चेहरा विकायचा असायचा. म्हणून क्लोज-अप, पुन्हा क्लोज-अप. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही कंपन्यांची गरज नेमकी टिपून ठेवली, आणि शब्द नि दृश्य यांचं नातं तीन तऱ्हांनी मांडलं: दृश्य शब्दांचं चित्र काढतं, किंवा शब्दांत नसलेलं काही वाढवतं, किंवा शब्दांशी फारकत घेतं. आपली बहुतेक गाणी पहिल्याच तऱ्हेत अडकलेली आहेत. शब्दात 'पाऊस' आला की पाऊस, 'डोळे' म्हटलं की डोळे, 'काळी माय' म्हटलं की मातीत हात घालून ती बोटांतून सोडायची. ही माती सोडण्याची स्लो मोशन मी आजवर इतक्यांदा पाहिली आहे की कोणत्याही कास्तकारानं वावरात उभं राहून असं कधी केलं का, हे आता घरोघरी जाऊन विचारावंसं वाटतं.

पुढं नव्वदीत उपग्रह चॅनलं आली, अल्बमची गाणी आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि व्हिडिओ बघणारं गाव व्हिडिओ करणारं गाव झालं. हे फार मोठं झालं आणि चांगलं झालं. पूर्वी आपल्याकडे कॅमेरा यायचा तो मुंबई-नागपूरहून गाडीत बसून. पण कॅमेरा हातात आला तेव्हा त्याच्यासोबत नजरही तयारच आली होती. गाडीच्या बॉनेटवर बसलेला हिरो पंजाबी गाण्यांतून आला. नथ, नऊवारी आणि चौसोपी वाडा पश्चिम महाराष्ट्राकडून. पोरीच्या कमरेपासून वर सरकणारा कॅमेरा तर सगळ्यांनी सगळ्यांकडून घेतला. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी शाई वाया घालवत नाही. आपलं काय होतं त्यात? वावर. ते मागं पडद्यासारखं टांगलं.

त्या पडद्याचा सगळ्यात लाडका शॉट म्हणजे ड्रोन. गाणं सुरू झालं की आधी ड्रोन वर जातो, हिरवागार चौकोन, मधून गेलेली पांधण, एक लाल ट्रॅक्टर. सुंदर. पण हा शॉट कोणाचा आहे? जमीन वरून बघणारा माणूस कोण असतो? प्लॉट पाडणारा, रस्त्याची मोजणी करणारा, पंचनाम्याला आलेला. कास्तकार वावर वरून बघत नाही, वाकून बघतो. २०२३ मध्ये सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला तेव्हा लांबून वावर पिवळं दिसायला लागेपर्यंत खेळ आटोपला होता. ज्यानं आधी ओळखलं त्यानं पान हातात घेऊन ओळखलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं मारलं तेव्हा तर पऱ्हाटी बाहेरून तरारलेली, बोंडं टंच. ड्रोननं त्या वर्षी शूटिंग केलं असतं तर बंपर पीक दिसलं असतं. अळी बोंडाच्या आत असते. हिरवं बोंड तोडायचं, अंगठ्यानं दाबून फोडायचं आणि आतल्या सरकीकडं बघायचं. तो खरा क्लोज-अप. बोंड फुटायच्या आधीचा क्षण, फुटताना धरलेला श्वास, आत गुलाबी ठिपका दिसल्यावरचा चेहरा. कोणत्याही हिरोच्या एंट्रीपेक्षा जास्त ताण आहे त्यात, आणि तो शॉट आपल्या एकाही गाण्यात मी पाहिलेला नाही. क्लोज-अप काय असतो हे ज्या माणसाला जन्मापासून माहीत आहे, त्याच्याच गावात आपण ड्रोन भाड्यानं आणतो.

इथं मला माझ्याच म्हणण्याला थोडं अडवायला हवं. कारण या पोरांना हसणं सोपं आहे, आणि शहरातले लोक ते मन लावून करतात: बघा, गावठी पोट्टा, काळा चष्मा, खालून लावलेला कॅमेरा, मागं मित्राची उसनी बुलेट. पण हा लो अँगल कशाचं उत्तर आहे, ते बघा. ही पोरं ज्या काळात वाढली, त्या काळात विदर्भाचा एकच व्हिडिओ टीव्हीवर चालू होता. २००६ ला विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान पॅकेज आलं तेव्हा कॅमेरे आले. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हा परत आले. मधल्या काळात प्रत्येक आत्महत्येला आले. आणि त्या बातम्यांचंही एक ठरलेलं मिक्सिंग होतं: हार घातलेला फोटो, पदरानं तोंड झाकलेली बायको, दारात उभी लेकरं, भेगाळलेली जमीन, मागं उदास सनई. कॅमेरा उभा, माणसं खाली बसलेली. म्हणजे प्रत्येक शॉट वरून खाली बघणारा.

त्या भेगांचं तर वेगळं सांगायला हवं. आपली काळी जमीन चिकणमातीची आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. भरघोस पिकलेल्या वर्षीही एप्रिल-मे मध्ये पडतात. त्या भेगांतून वरची माती आत जाते, जमीन आपली आपणच उलथते, म्हातारी माणसं त्याला चांगलंच म्हणतात. म्हणजे बातमीवाला दुष्काळ म्हणून जे दाखवत होता तो काळ्या जमिनीचा स्वभावच होता. पण भेग आणि रडणारा चेहरा एकापुढे एक ठेवले की बघणारा मधला अर्थ आपणच भरतो. रशियात लेव कुलेशोव्ह या चित्रपट दिग्दर्शकानं १९२० च्या आसपास नेमकं हेच करून पाहिलं होतं: नटाचा एकच निर्विकार चेहरा, कधी सुपाच्या ताटलीनंतर, कधी शवपेटीनंतर, लोकांना तो कधी भुकेला वाटला, कधी दुःखी. चेहरा तोच. अर्थ कटमध्ये होता.

अशा कटांमध्ये ज्याच्या बापाचं आयुष्य बसवलं गेलं, त्या पोरानं कॅमेरा हातात आल्यावर पहिल्यांदा काय करावं? तो जमिनीवर ठेवावा आणि स्वतः वर उभं राहावं. चष्मा लावावा, म्हणजे डोळ्यांत कोणाला पाणी शोधता येणार नाही. मला तो लो अँगल कळतो. त्यात माज कमी आणि हिशेब चुकता करणं जास्त आहे. झुकलेल्या माणसाचे लाख शॉट झाल्यावर उभ्या माणसाचे हजार तरी व्हायला हवेतच.

फक्त, वरून बघणारा शॉट झाला, खालून बघणारा झाला, समोरून बघणारा कुठं आहे? डोळ्याच्या उंचीवर, कमरेपासून वर, दोन माणसं एका फ्रेममध्ये, हात काम करताहेत आणि तोंडं बोलताहेत. साधा मिड शॉट. भेगाळलेल्या जमिनीत तो नव्हता आणि बुलेटवरही नाही. एका बाजूला बिचारा, दुसऱ्या बाजूला भाई. मधला, रोज सकाळी डबा घेऊन वावरात जाणारा माणूस दोन्हीकडून गळाला. आणि बाई तर दोन्हीकडे सजावटच राहिली, तिथं पदर म्हणून, इथं नथ म्हणून. दोन्हीकडे शर्ट काढूनच.

मिक्सिंगची पोरं यावर म्हणतात, भाऊ, तुम्ही म्हणता तसा बारा सेकंदांचा शॉट ठेवला तर लोक अंगठ्यानं ढकलून देतील. खोटं नाही. रीलमध्ये पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस अडकला नाही तर गेला. शिवाय व्ह्यूज आले तरच पुढच्या गाण्याला कोणी पैसे देणार. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा एका रात्रीत कितीतरी गावच्या पोरापोरींचे बघणारे नाहीसे झाले. त्यांनी नव्या जागी शून्यापासून सुरुवात केली. त्यांना 'शॉट लांब ठेवा' असं खुर्चीत बसून सांगणं मलाही अवघड जातं.

पण लांब शॉट म्हणजे संथ शॉट असं कोणी सांगितलं? खंजेरी भजन आठवा. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजनी मंडळ गावोगाव आहे. तिथं खंजेरीवाल्याचा हात एका ठेक्यात जेवढं करतो, तेवढं बघायला एक पूर्ण आवर्तन लागतं. त्या हातावर कॅमेरा ठेवून सोळा ठोके थांबा, कंटाळा येऊन दाखवा. कारण शॉटच्या आत ताल चालू असतो. कटनं वेगळा ताल द्यायची गरजच पडत नाही. पोळ्याला डफडं वाजवणाऱ्याचंही तेच. वेचणीचंही तेच: हाताला स्वतःची लय आहे, मूठ भरली की एक वळण आहे. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरा आणि कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, मारा, प्रत्येक ठोक्यावर नको. तेवढ्यात वेचणं पूर्ण दिसत नसेल तर चार-पाच आवर्तनं थांबा. गाणं लिहिणाऱ्यानं एखादं कडवं त्या लयीत बांधलं तर आणखी बरं. जात्यावरच्या ओव्या दळणाऱ्या हाताच्या फेऱ्यात बसल्या होत्या. कामाला गाण्याच्या मापात कापायचं की गाण्याला कामाच्या मापात शिवायचं, हा निर्णय आपल्या आज्यांनी कधीच घेऊन टाकला होता.

वडसा-देसाईगंजकडं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. माणसं थंडीत पोतं अंथरून पहाटेपर्यंत बसतात. तिथं कटच नाही. एक रंगमंच, एक जागा, आणि तुमचा डोळा जिकडं जाईल तो तुमचा क्लोज-अप. तीच माणसं मोबाइलवर तीन सेकंद थांबत नाहीत असं म्हणताना आपण त्यांच्याबद्दल बोलतोय की मोबाइलबद्दल?

आता शाळेचं. दहावीच्या मराठीत पोरांना कवितेचं रसग्रहण करायला लावतात. आशय, भाषा, आवडलेली ओळ. चांगलं आहे. पण ज्या गोष्टी ही पोरं दिवसाला दोन-तीन तास बघतात, त्यांचं रसग्रहण कोणी घेत नाही. मी गेल्या उन्हाळ्यात गावातल्या दहा-बारा पोरापोरींना एक खेळ दिला. एक गाणं लावा, आवाज बंद करा, आणि वहीत प्रत्येक कटला एक रेघ मारा. मग पुन्हा लावा आणि लिहा: चेहरा किती वेळा, कोणाचा, हात किती वेळा, कोणाचे, बाई काम करताना किती वेळा, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर. रेघा दोनशेच्या पार गेल्या. 'बाई काम करताना' या रकान्यात एक रेघ होती, आणि ती ओढावी की नाही यावर दोन पोरींचं भांडण झालं. एक म्हणाली घागर घेऊन चालली म्हणजे काम, दुसरी म्हणाली, घागर रिकामी आहे, बघ कशी डुलवते. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांवर असं भांडण मी पाहिलेलं नाही. याला ना वेगळं पुस्तक लागत ना लॅब. एक मोबाइल आणि एक वही. मराठीच्या तासाला महिन्यातून एकदा झालं तरी पुरे.

त्या तिघा पोट्ट्यांनाही मी हे सगळं सांगितलं, चहावर, दोन संध्याकाळी. कॅमेरावाल्यानं ऐकून घेतलं. त्याला बोंड फोडण्याचा शॉट एकदम पटला. "थ्रिलर होईन भाऊ हे," म्हणाला. या हंगामात नवीन गाणं करताहेत, वेचणीच्या सुरुवातीला वावरात होणाऱ्या सीतादहीच्या पूजेपासून सुरू होणारं. त्यांनी मावशींना जाऊन विचारलं, या वेळी शर्टासहित घेतो, येता का. मावशी म्हणाल्या, "काटा होऊ द्या पयले, मंग या." म्हणजे कापूस मोजून झाल्यावर, उजेड जायच्या बेतात असतो तेव्हा. कॅमेरावाला कुरकुरला, उजेड पडणार नाही म्हणाला, पण तयार झाला.

मी विचारलं, मग गाणं सुरू कशानं करणार? बोंडापासून?

"नाही," तो म्हणाला, "ड्रोननंच. भाड्याचा अ‍ॅडव्हान्स देऊन बसलो न भाऊ."